49 उमेदवार, 19 जागा

"19 जागांना 49 उमेदवार? मर्दा, ही लंडनची बातमी हाय का आपल्या महापालिकेची?"

8 ऑक्टोबर 2010, घटस्थापनेची रात्र. कोल्हापुरात एका दैनिकाच्या रात्रपाळीला मी उपसंपादक होतो. परदेशाचं पान माझ्याकडे. पान कसलं, जाहिराती लावून उरलेली जागा. त्या रात्री अंबाबाईची पूजा, दर्शनाच्या रांगा आणि महापालिका निवडणुकीतले बंडखोर यांनी तीही खाल्ली होती. माझ्या वाट्याला सिंगल कॉलम, बारा ओळी.

बातमी अशी. ब्रिटनमधला मजूर पक्ष मे महिन्यात सत्तेबाहेर गेलेला. सप्टेंबरात एड मिलिबँड यांनी सख्ख्या भावाला, डेव्हिडला, निसटतं हरवून नेतेपद घेतलेलं. आता संसदेत सरकारसमोर बसणाऱ्या चमूच्या 19 जागांसाठी निवड. ती नेता करत नव्हता, पक्षाचे खासदार गुप्त मतदानाने करत होते. किमान सहा महिला यायलाच हव्यात, असा नियम. सर्वाधिक 232 मतं इव्हेट कूपर यांना. त्यांचे पती एड बॉल्स हेही याच मतपत्रिकेवर!

या चमूला इंग्रजीत 'शॅडो कॅबिनेट' म्हणतात, त्याला मी 'छाया मंत्रिमंडळ' लिहिलं. सावली, प्रति, पर्यायी असे सगळे शब्द खोडून. मुख्य प्रतोदही निवडून आलेला, तोही बिनविरोध, हे मला फार आवडलं होतं. आपल्याकडे प्रतोद कोण, हे निवडणुकीनं ठरल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. नेमकी तीच ओळ कापली गेली.

मुख्य उपसंपादक जुने, हुशार. शहरातला प्रत्येक गट त्यांना तोंडपाठ. त्यांनी माझं शीर्षक खोडून लिहिलं, 'मिलिबँड यांनी निवडले सहकारी'.

"साहेब, निवडले खासदारांनी. मिलिबँडनी आज फक्त खाती वाटली."

"नेता निवडून आला, मग माणसं दुसरी कोण निवडतंय? तुझं इंग्रजी तपास."

मी वृत्तसंस्थेची तार पुढे केली. ऑपरेटर पान सोडायला ताटकळलेला, बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची गाडी खाली उभी. मी गप्प बसलो. शीर्षक चुकीचं छापून आलं आणि एकाही वाचकाचा फोन आला नाही. लागलं ते हेच जास्त.

महापालिकेच्या निवडणुका झाल्या आणि एका विरोधी गटाच्या गटनेता निवडीची प्रेस नोट आली. बैठक पाचला, नोट चारला. 'एकमताने निवड', खाली सूचक आणि अनुमोदकाच्या जागा मोकळ्या. वार्ताहरानं फोन करून नावं भरून घेतली. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही, खरं तर. गटनोंदणीला पुण्याला विभागीय आयुक्तांकडे किती गाड्या गेल्या, हीच आमची बातमी. तेव्हा साहेबांची चूक ती इंग्रजीची नव्हतीच. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं, तेच त्या तारेत वाचलं.

पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, मजूर पक्षानं ही निवडणूक बंद केली. सहकारी निवडायचा अधिकार नेत्याला, आणि तसं ठरवलं खासदारांनीच, मतदान करून. तार घेऊन मी साहेबांच्या टेबलाशी गेलो.

त्यांनी चष्मा वर केला. "वर्षभर आधी छापलं होतं मी."

त्या रात्री मात्र शीर्षक त्यांनी मलाच करू दिलं.