घरघर

माझ्या कॉम्प्युटरला घरघर लागलीय, असं भाच्याने जाहीर केलं. त्याला वाक्प्रचार अभिप्रेत होता की नुसता आवाज, हे मी विचारलं नाही. दोन्ही अर्थांनी ते खरंच होतं. बटण दाबलं की टेबलाखालच्या काळ्या डब्यातून आधी घरघर सुरू व्हायची, मग कर्र-कट-कट, मग जरा शांतता, की पुन्हा कर्र. वर पडद्यावर ते निळं वर्तुळ आपलं गरगरतंय. एकदा मी घड्याळ लावून मोजलं होतं. बटण दाबल्यापासून पहिली ई-मेल वाचायला मिळेपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद.

त्या चार मिनिटांत मी कुंड्यांना पाणी घालत असे. घरातली झाडं टवटवीत होती ती या संथपणाच्या जिवावर, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

“मामा, टाकून दे हे डबडं. नवीन घे,” भाचा म्हणाला. मी म्हटलं, बघू. ‘बघू’ म्हणजे नाही, हे त्यालाही कळतं. विंडोज ७ नवीन होतं तेव्हाचं माझं हे मशीन. माझं काम म्हणजे लिहिणं, वाचणं, क्वचित फोटो सरळ करणं. त्यासाठी प्रोसेसर भरपूर होता, रॅमही मी मध्यंतरी वाढवून घेतली होती. मग घोडं अडत होतं कुठे?

ते एके दिवशी टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडून बसलो तेव्हा कळलं. मशीन गोगलगाय झालेलं असताना प्रोसेसर किती राबतोय? ४ टक्के. म्हणजे साहेब जवळजवळ रिकामेच बसलेले. आणि डब्याच्या तोंडावरचा छोटा लाल दिवा मात्र विझायला तयार नाही. तो दिवा हार्ड डिस्कचा. इतकी वर्षं मी ज्याला मंद म्हणून शिव्या घालत होतो, तो प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत होता.

हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणारी चकती आणि तिच्यावरून पुढेमागे सरकणारा एक हात. माझी चकती मिनिटाला ७२०० फेरे घ्यायची. तिची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावते आणि हाताच्या टोकाचं ते इवलंसं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं, टेकत नाही. विचार करू लागलो तर हे चालतं हेच नवल. पण अडचण अशी की हवी ती माहिती चकतीवर कुठेतरी दुसरीकडेच असते. हात तिथवर जायला साधारण ८-९ मिलिसेकंद. पोचल्यावर ती जागा फिरून हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी ४ मिलिसेकंद. धरा १२.

बारा मिलिसेकंदांत आपली पापणीसुद्धा लवत नाही. पण ३ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोक्यांचा, प्रोसेसर तेवढ्यात ३ कोटी ६० लाख ठोके मोजतो. त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद असं धरून मी कागदावर हिशेब मांडला. उत्तर आलं ४१६ दिवस. म्हणजे साहेबांनी विचारायचं, “अमुक फाइलचं पहिलं पान द्या,” आणि फाइल यायची जवळजवळ चौदा महिन्यांनी. बरं, एकाच फाइलवर भागत नाही. विंडोज सुरू होताना अशा हजारो चिठ्ठ्या जातात. एवढं करून माणूस ४ टक्के काम करत असेल, तर मला त्याचं कौतुकच वाटलं.

हे दुखणं जुनं आहे. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंची ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या वर आणि मावायची ५० लाख अक्षरं. हवी ती जागा गाठायला तिला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. पुढे टेराबाइटची डिस्क तळहातावर मावू लागली, म्हणजे साठा दोन लाख पटींनी वाढला. आणि हाताचा वेग? ६०० वरून १२. पन्नास पट. कोठार वाढत वाढत गावाएवढं झालं, पण आत धावणारा हमाल तोच, फार तर थोडा चपळ झालेला.

या हमालाला पळवायचे प्रयत्न मीही केले. माझी पहिली डिस्क ५४०० फेऱ्यांची होती, तिच्या जागी ७२०० ची आणली. पहिले चार दिवस फरक जाणवला. पाचव्या दिवशी तो जाणवणं बंद झालं. तेव्हा १०,००० फेऱ्यांची ‘रॅप्टर’ नावाची डिस्क मिळायची आणि सर्व्हरसाठी तर १५,००० फेऱ्यांच्याही होत्या. तेवढी हौस मला परवडणारी नव्हती. मग कोणीतरी रेड शून्य नावाचा मंत्र दिला: एकसारख्या दोन डिस्का घ्यायच्या, प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्हींवर वाटायचे, वेग दुप्पट. मोठा व्हिडिओ खरोखर दुप्पट वेगाने कॉपी व्हायचा. पण बारीकसारीक फाइली शोधायच्या म्हटलं की हात दोन असले तरी दोन्ही तितकेच सुस्त. शिवाय दोघींपैकी एक गेली तर दुसरीवर उरतात ते अर्धे-अर्धे तुकडे. या ‘शून्या’चा अर्थ वेळेवर लक्षात आला, हे माझं नशीब.

शेवटी एसएसडी आणली. हिच्यात चकती नाही, हात नाही, काहीच हलत नाही. नुसत्या चिपा. पण घेण्याआधी शहाणपणाचा सल्ला मिळालाच. तुझा मदरबोर्ड जुन्या साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीचा, सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या वर जाऊच शकत नाही. ही डिस्क ५०० च्या वर देते, म्हणजे निम्मा वेग वाया. हिशेब बरोबर होता, प्रश्न चुकीचा होता. मला रस्ता रुंद नको होता, मला हमालाची पायपीट नको होती. एसएसडी विचारलेली गोष्ट साधारण ०.१ मिलिसेकंदात हातात देते, मग बोर्ड जुना असो की नवा. साहेबांच्या कॅलेंडरात चौदा महिन्यांचे साडेतीन दिवस झाले. रस्ता अरुंद आहे म्हणून याला नाही कोण म्हणेल?

डबा उघडला तेव्हा आत धुळीची एक सबंध गोधडी निघाली. ती झटकून नवी डिस्क हातात घेतली तर ती अडीच इंची आणि डब्यातली खोबण साडेतीन इंचांची. शिवाय या दोन मापांच्या डिस्कांचे स्क्रूही वेगवेगळे. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाचा दुसऱ्याच्या भोकात पिळलात तर आटे गेलेच म्हणून समजा. ब्रॅकेट आणायला विसरलो होतो. मग आत काही हलतच नाही तर कसायचं तरी कशाला, असा विचार करून मी ती दुहेरी चिकटपट्टीने डब्याच्या भिंतीला चिकटवून टाकली. आजही ती तिथेच चिकटलेली आहे.

खरा घाम फुटला तो पुढे, क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवताना. जुनी डिस्क ५०० जीबीची, नवी २४० ची, तेव्हा ठरवलं की सी ड्राइव्ह तेवढा हलवायचा. प्रोग्रामने विचारलं, कुठून कुठे? पर्याय दोन, डिस्क ० आणि डिस्क १. यातली भरलेली कुठली आणि रिकामी कुठली? दिशा चुकली असती तर रिकामी डिस्क इमानेइतबारे भरलेलीवर उतरली असती आणि माझी पंधरा वर्षं कोरी करकरीत झाली असती. मी आकडे तीनदा वाचले, जीबी मोजले, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले. महत्त्वाचं सगळं आधीच एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलं होतं, तरीही बटण दाबताना बोट थरथरलं.

क्लोन सुखरूप झाला. इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) ‘आयडीई’ दिसला आणि एसएसडीला ‘एएचसीआय’ हवा, एवढं मी कुठेतरी वाचलेलं होतं. बदलला. रीस्टार्ट केलं. निळा पडदा, शेवटी ‘७बी’ असलेला एक लांबलचक क्रमांक, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा निळा. त्या रात्री मी भाच्याला फोन केला नाही, हा अभिमानाचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. विंडोज ७ बसवताना जो मोड असतो, त्याचाच ड्रायव्हर (डिस्क हाताळणारा छोटा प्रोग्राम) ते सुरुवातीला जागा करतं, दुसऱ्याला झोपू देतं. मोड परत जुना केला, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, शिरून त्या झोपलेल्या ड्रायव्हरच्या ‘स्टार्ट’पुढचा ३ चा ० केला आणि मग पुन्हा मोड बदलला. चाललं. एका आकड्यासाठी एक रात्र गेली.

आणि मग ते झालं. बटण दाबलं, झारी घेऊन निघालो, दारापर्यंतही पोचलो नसेन तर मागे विंडोज सुरू झाल्याची धून वाजली. चाळीस सेकंदांत ई-मेल उघडी. मी झारी हातात घेऊन तसाच उभा.

डिफ्रॅगही (डिस्कवर विखुरलेल्या फाइलींची आवराआवर) गेलं. पूर्वी महिन्यातून एकदा ते लावून मी बघत बसायचो. विंडोज ९८ मध्ये छोटे छोटे रंगीत चौकोन एकेक करून जागेवर जायचे. अख्खं घर आवरल्याचं समाधान, आणि तेही खुर्चीतून न उठता. विखुरलेले तुकडे शेजारी आणायचे कारण हाताची पायपीट वाचावी. ज्याला हातच नाही त्याला आवराआवर कशाला? एसएसडीवर डिफ्रॅग म्हणजे उलट नाहक झीज.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. जुन्या डिस्का मरण्याआधी बऱ्याचदा सांगायच्या. कर्रचा ठक-ठक व्हायचा, एखादी फाइल उघडायला कुरकुरायची, तेवढ्यात आपण सामान हलवायचो. घरघर लागणं हासुद्धा एक शिष्टाचार आहे. एसएसडी कुणाला काही सांगेलच असं नाही. आज आहे, उद्या बायोसला ती दिसतच नाही. म्हणून दर रविवारी मी बॅकअप घेतो, आणि घेताना ही अशी मुकी का, असं मनात म्हणतो.

जुनी डिस्क काढली नाही. आता ती डी ड्राइव्ह आहे, फोटो आणि जुनी पत्रं सांभाळते. वीस मिनिटं कोणी हाक मारली नाही की ती फिरायची थांबते. मग कधी मी जुन्या फोटोंचं फोल्डर उघडतो आणि विजेसारखं चालणारं हे मशीन एकदम दगड होतं. माऊस हलतो, बाकी काही नाही. टेबलाखालून आधी एक ‘टक्’, मग खालच्या पट्टीतून वर चढत जाणारी ती ओळखीची घरघर. आठ सेकंद लागतात.

झारी आता मी टेबलाजवळच ठेवतो. आठ सेकंदांत खिडकीतली एक कुंडी होते.