सरांना परवानगी नाही

प्रयोगशाळेतले संगणक विंडोजवरून लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर न्यायचे ठरले की पहिला प्रश्न तांत्रिक नसतोच. "माझ्या फायली राहतील ना?" दुसरा, "मग एक्सेलचं काय?" जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांवर 2017 पासून लिनक्सच आहे, हे कितीही ऐकवा, समोरच्याचा जीव त्याच्या एक्सेलमधल्या मॅक्रोत, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांत, अडकलेला असतो.

बऱ्याच ठिकाणी हा विषय निघतो तोही नाइलाजानं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला आणि चांगली धडधाकट यंत्रं विंडोज 11 च्या अटींत बसेनात. सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळं असावं, हे तत्त्वबित्त्व नंतर सुचतं. खरं तर तत्त्वाचा उगमही प्रयोगशाळेतलाच. एमआयटीच्या एआय लॅबमधल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना कळावं, अशी सोय तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. पण प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, कुणी देईना. तो राग त्यांनी विसरू दिला नाही. 1983 मध्ये त्यांचा मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर झाला.

इन्स्टॉल करणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. गंमत पुढे आहे. विंडोजला फायलीच्या नावातला मोठा एस काय नि छोटा एस काय, दोन्ही सारखेच. लिनक्सला ते चालत नाही. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, एका अक्षरापायी अडून बसते, आणि आजवर आपला गबाळेपणा कुणीतरी मुकाट्यानं पोटात घालत होतं हे कळतं.

मग उपकरण जोडायचं. यूएसबीची केबल लावली, प्रोग्रॅम सुरू केला, की स्क्रीनवर 'पर्मिशन डिनाइड', म्हणजे परवानगी नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात सिरियल पोर्ट, म्हणजे उपकरणाशी बोलायची वाट, वापरायचा तर डायलआउट नावाच्या गटात आपलं नाव असावं लागतं. नुसतं नाव घालूनही भागत नाही, लॉगआउट करून परत यावं लागतं. विभागप्रमुख असा नाहीतर कालच आलेला विद्यार्थी, नियम एकच. सरांना तोंडावर नाही म्हणणारं त्या खोलीत दुसरं कुणी नसतं. गटात नाव घालणारी ती एक ओळ टाइप करून देणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

एक यंत्र मात्र सुटतं. स्पेक्ट्रोमीटर या प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाला जोडलेलं, जुन्या विंडोज एक्सपीवरचं, नेटवर्कची केबल कधीच काढून ठेवलेलं. एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्ये संपला, पण उपकरणाच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या कशावर चालतच नाही. कुणीतरी उत्साही "वाइन वापरून बघू या का?" म्हणतो; वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय. कार्डाच्या ड्रायव्हरपुढे वाइनचा इलाज नसतो, पण तेवढं समजावत कोण बसणार? त्या यंत्रावर काम करणारी मान वर न करता म्हणते, "आधी माझा पेपर जाऊ दे."