मानवशास्त्रात नेमके काय शिकलात?

चाळीसगावला घरी गेले की हा प्रश्न ठरलेला असतो. यंदाच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शेजारच्या काकांनी तो मुलीच्या प्रवेशाच्या काळजीपोटी विचारला : "ताई, तुम्ही पुण्याला मानवशास्त्र शिकलात, पण कवट्या मोजल्या म्हणता, बोली अभ्यासल्या म्हणता, लग्नाच्या रीती लिहून घेतल्या आणि रक्ताचेही शिकलात म्हणता. इतके सगळे एकाच पदवीत कसे?" चहा संपेपर्यंत जमले तेवढे मी सांगितले. तुम्ही विचारलेत म्हणून, काका, उरलेले आता नीट लिहीत आहे.

आधी एक खुलासा करते, कारण नावाच्या साधर्म्यामुळे घोटाळा होतो. हे मानसशास्त्र नव्हे. माणसाचे शरीर कसे घडले आणि त्याने उभा केलेला समाज कसा चालतो, या दोन्ही गोष्टी मानवशास्त्र एकत्र पाहते. त्यामुळे अभ्यासक्रमात उत्क्रांती आणि आनुवंशिकता येते, प्रागितिहास येतो, भाषा येते आणि कुटुंब, नाती, धर्म, देवघेव हेही येते.

प्रागितिहासासाठी आपल्याला तालुक्याबाहेर जावे लागत नाही. आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आणि आडव्यातिडव्या रेषा कोरलेला कवचाचा तुकडाही मिळाला. त्याचे वय सुमारे २५,००० वर्षे मानले जाते. ज्या डोंगरात आपण देवीच्या दर्शनाला जातो, तिथे कोणीतरी बसून ते कवच कोरले, हे पहिल्यांदा वर्गात ऐकले तेव्हा मला बराच वेळ वहीत काही लिहिता आले नव्हते. भाषेचेही तसेच. ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, भिल्ल बोलींबरोबरच्या खंडात आहे, हे वाचल्यावर आंडोर (मुलगा) आणि आंडेर (मुलगी) हे आजीच्या तोंडचे शब्द मी नव्याने ऐकू लागले. आमच्याच घरात आजीशी अहिराणी आणि गुरुजींशी मराठी का बोलतात, हा प्रश्नही या शास्त्राच्या कक्षेत येतो.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनला मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेवर प्रबंध लिहिला, गुजरातेत लांघणजच्या उत्खननात भाग घेतला आणि १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र मध्य विभागात येतो, जिथे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती एकमेकींत मिसळतात. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालते आणि उत्तरेत ते निषिद्ध का, याचा विचार मी तिथून सुरू केला.

नात्यांचा भाग मला सर्वांत जवळचा वाटला. श्रावणात आमच्याकडे कानबाई ही खानदेशातली देवी बसते, तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घेतात आणि ते रोट भाऊबंदांपलीकडे कोणाला देत नाहीत. लहानपणापासून मी हे पाहत आले होते. पण वंशगटावरचा, म्हणजे एकाच पूर्वजापासूनच्या कुळावरचा, तास ऐकताना एकाएकी उमगले, की त्या सुपात आई आमचा वंशगटच मोजत असे, आणि माझ्या नावाची मूठ त्यात कधीच नव्हती.

क्षेत्रकार्यासाठी मी सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर राहिले. वंशावळ काढताना पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ आणि लग्नासाठी बरोबरची खूण करतात. घरातले आजोबा ओसरीवर मक्याचे दाणे मांडून मुले-नातवंडे दाखवत होते, सोबतच्या आशाताई पावरी बोलीतले मला मराठीत सांगत होत्या आणि मी ते वहीत उतरवून घेत होते. कणसे सोलत बसलेल्या आजी उठल्या आणि काही न बोलता एका ओळीत त्यांनी आणखी तीन दाणे ठेवले. ती लहानपणीच गेलेली लेकरे होती. आजोबांनी हयात मुले मोजली होती, आजींनी जन्मलेली सगळी. मग आशाताईंनी विचारले तेव्हा कळले, की त्यांतल्या दोघांचे हातपाय वारंवार सुजत आणि ती रात्र रात्र रडत.

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल बराच आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून त्यांच्यात या आजाराचे एक जनुक असेल, तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला मात्र मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते आणि म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहिले. प्रयोगशाळा एका माणसाच्या रक्ताचा निकाल देते. पण हा आजार कोणत्या घरांतून कोणत्या घरांत गेला, हे सोयरीक कुठे जुळते आणि कोणते गोत टाळले जाते हे समजल्याशिवाय कळत नाही, आणि ते तर घरातल्या आजींच्या बोलीतच विचारावे लागते. त्या तीन दाण्यांसाठी आनुवंशिकता, नातेव्यवस्था आणि भाषा हे तिन्ही विषय एकाच ओसरीवर लागले. तुमच्या "एकाच पदवीत कसे" या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर माझ्यापाशी नाही.

नोकरीचेही तुम्ही विचारले होते. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण आहे, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, संग्रहालये आहेत, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प आहेत, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषयही घेता येतो. जागा थोड्या असतात आणि वाट पाहावी लागते, हे मी लपवणार नाही. मुलीला परक्या घरी महिनाभर राहता येईल का आणि समोरचा बोलत असताना गप्प बसता येईल का, एवढे तिला विचारून पाहा. अहिराणी तिला येतेच. ती विसरू नकोस म्हणावे, आणि पुण्याला निघण्याआधी आपल्या आजीची वंशावळ तिने एकदा काढून ठेवावी.