चौदा ऑगस्टची काच

१४ ऑगस्ट २०२१, शनिवार. आमच्या धंद्यात हा दिवस म्हणजे दिवाळीच. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन असतं आणि प्रत्येक सोसायटीच्या चेअरमनना नेमकं आदल्या दिवशी दिसतं की गवत गुडघ्याला लागलंय. पुण्यात वाकडच्या एका सोसायटीत सकाळी आठला ग्रास कटर चालू केला. पावसाने गवत जाड झालं होतं म्हणून माझ्या हेल्परने नायलॉनची दोरी काढून पातं लावलं होतं. लॉनच्या कडेला कोणीतरी पाइपाचं काम करून खडी तशीच टाकून गेलेलं. 'टक्' एवढाच आवाज झाला. मी मागे वळून पाहिलं, काही नाही. मग पार्किंगमधल्या एका पांढऱ्या गाडीची मागची काच आधी दुधासारखी झाली आणि दोन सेकंदांनी खडीसाखरेसारखी खाली ओघळली.

गाडीचे मालक बर्म्युडा घालून खाली आले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. एकच प्रश्न विचारला, "तुमचा इन्शुरन्स आहे ना?"

माझ्याकडे तेव्हा दोन कटर, एक मॉवर, जुनी ओमनी आणि व्हॉट्सअॅपवर ठरलेली कामं होती. त्या सोसायटीचं महिन्याचं बिल १२,००० आणि काच १४,५०० ची. त्यांनी स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम केला असता तर त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे पुढच्या हप्त्यातली सूट, गेली असती, म्हणून मीच पैसे दिले. रात्री बायको म्हणाली, "ऑगस्टभर फुकट काम केलंस आणि वर अडीच हजार दिलेस." हिशेब तीच ठेवते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

आधी मी हिंजवडीला एका कंपनीच्या आवारात गार्डन सुपरवायझर होतो. २०२० मध्ये नोकरी गेली. कृषी पदविका आहे, लॉन कळतं. हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागलेलं लॉन सतरंजीसारखं गुंडाळून उचलता येतं, हे मला नखातून कळतं. कागदातलं काही कळत नव्हतं. आता लॉनच्या कामात उतरणारी पोरं मला 'दादा, कोणता मॉवर घेऊ' असं विचारतात. मॉवर कोणताही घ्या, आधी कागद नीट करा.

नोंदणीचं फार काही नाही. एकट्याचा धंदा, म्हणजे प्रोप्रायटरशिप, वेगळी कंपनी काढावी लागत नाही. तुमचा पॅन तोच धंद्याचा पॅन. पण त्याचाच अर्थ असा की धंद्यावरचं देणं थेट तुमच्या घरावर येतं. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. मी एका एजंटला त्याचे १,५०० दिले, हे लिहिताना अजून कान गरम होतात. शॉप अॅक्टचं, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या नोंदणीचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्यात दहापेक्षा कमी माणसं असतील तर परवाना नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, अशी सोय मी सुरू केलं तेव्हा होती. बँकेत करंट अकाउंट उघडायला ही पावती उपयोगी पडली. व्यवसाय कर वर्षाला २,५००. तो मी पहिल्या वर्षी भरलाच नाही, आणि दुसऱ्या वर्षी व्याजासकट भरला.

काचेनंतर दोन पॉलिसी घेतल्या. पहिली पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आपल्या कामामुळे तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर. घेताना एजंटला दोन गोष्टी विचारा. एक, प्रत्येक क्लेममध्ये सुरुवातीची किती रक्कम आपल्या खिशातून जाणार. ती पंधरा हजार असेल तर माझ्या काचेसाठी ती पॉलिसी कागदाचा तुकडाच होती. दुसरं, ज्या वस्तूवर आपण काम करतोय किंवा जी आपल्या ताब्यात दिलीय ती सहसा यात धरत नाहीत. शेजारच्या गाडीची काच चालेल, पण सोसायटीच्या ज्या स्प्रिंकलरचं काम तुम्ही अंगावर घेतलंय तो तुम्ही मोडलात तर बहुतेक नाही.

दुसरी कामगारांसाठीची, जिला सगळे अजून डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) म्हणतात. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा तेव्हा होता, आता तेच सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय. गाभा असा की कामावर माणसाला लागलं तर मालकाची चूक होती का, हे जवळपास कोणी विचारत नाही. मालक देणं लागतो. ही पॉलिसी माणसं आणि त्यांच्या पगाराच्या आकड्यावर निघते. मी तीन माणसं, प्रत्येकी १५,००० असं लिहून दिलं होतं. जुलै २०२३ मध्ये उताराच्या लॉनवर काम जास्त होतं म्हणून नाक्यावरून चौथा माणूस घेतला. पावसाची निसर, पायात स्लीपर. मॉवर मागे ओढताना पाय घसरला आणि अंगठ्याला पात्याची कड लागली. अंगठा वाचला, सात टाके पडले. दवाखान्याचे ९,२०० झाले आणि तो माणूस माझ्या यादीत कुठेच नव्हता. पॉलिसीकडे बोट दाखवायला तोंडच राहिलं नाही, मी पैसे दिले. आता वर्षभरात रोजंदारीवर किती जाईल त्याचा अंदाज धरून आकडा देतो, आणि गमबूट घातल्याशिवाय मशीनला हात लावू देत नाही. शिवाय सगळ्यांच्या बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा विमा सुरू करून दिला. वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यूला दोन लाख. चहाच्या उधारीपेक्षा कमी पैसे आहेत, तरी मला प्रत्येकाच्या मागे लागावं लागलं.

ओमनीची गंमत वेगळीच. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या अटी लिहिलेल्या असतात, त्यात सामानाची व्यावसायिक वाहतूक बसत नाही. मी दोन वर्षं मागे मॉवर, पेट्रोलचे कॅन आणि शेणखताची पोती घालून पुणंभर फिरत होतो. काही झालं नाही, हे नशीब. २०२२ च्या शेवटी पिवळ्या पाटीचा छोटा हत्ती घेतला.

आता कर. गावाकडून एका काकांनी ठामपणे सांगितलं होतं, "झाडाझुडपांचं उत्पन्न म्हणजे शेती, त्याला टॅक्स नाही." अर्धं खरं आहे. नर्सरीत स्वतः वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न आयकरात शेतीचंच धरतात. दुसऱ्याच्या दारातलं गवत कापणं ही शेती नाही, काका. ती सेवा आहे.

सोसायटीने पहिल्याच वर्षी माझ्या बिलातून एक टक्का कापला तेव्हा मी सेक्रेटरी साहेबांशी भांडायला गेलो होतो. त्यांनी शांतपणे समजावलं. कंत्राटदाराचं एक बिल ३०,००० च्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की आयकराच्या १९४सी कलमाखाली टीडीएस, म्हणजे बिलातूनच आगाऊ आयकर, कापावा लागतो. एकट्या माणसाला एक टक्का. पॅन दिला नसता तर वीस टक्के गेला असता. तो पैसा बुडत नाही. रिटर्न भरलं की हिशेबात येतो, मला परत मिळाला. आधी मी रिटर्नच भरत नव्हतो, 'उत्पन्नच कुठे आहे' म्हणून.

रिटर्नसाठी छोट्या धंद्यांचं ४४एडी कलम सोपं पडतं. जमेच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानतात: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर ६, रोखीवर ८. पेट्रोल, दोरी, टू-टी ऑइलच्या पावत्या जपत बसावं लागत नाही. पण हा कमीत कमी आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवा. ११ लाख जमेवर ६६,००० नफा दाखवून बँकेत गाडीचं कर्ज मागायला गेलात तर मॅनेजर चहाही विचारत नाही. (हे आकडे १९६१ च्या कायद्याचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे नंबर बदललेत.)

जीएसटीने मला सगळ्यात बेसावध पकडलं. सेवेसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा, एवढं माहीत होतं. २०२३-२४ मध्ये देखभालीचे झाले १४ लाख ८० हजार. सोबत लोकांना रोपं विकली, ५ लाख ६० हजारांची. जिवंत रोपांवर कर शून्य, म्हणून मी ती मोजलीच नव्हती. बायकोने मार्चमध्ये दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "करमाफ असलं तरी उलाढालीत धरतात रे." बेरीज २० लाख ४० हजार. ओलांडल्यापासून तीस दिवसांत नोंदणी करायची असते.

मग १८ टक्के. कंपन्यांना त्याचं काही वाटत नाही, त्यांना क्रेडिट मिळतं, म्हणजे दिलेला कर त्यांच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो. सोसायट्यांना सहसा नाही, त्यामुळे तिथे १२,००० चं बिल १४,१६० होतं आणि मीटिंगमध्ये माझ्या नावाने शंख होतो. एक सोसायटी गेली, दोघांनी निम्मा भार मला उचलायला लावला. ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीला सरसकट सहा टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, पण त्यात ग्राहकाकडून वेगळा कर मागता येत नाही, म्हणून त्याला क्रेडिटही नाही. माझी निम्मी कामं कंपन्यांची, म्हणून ती घेतली नाही. अजून एक मेख. नवीन बाग एकरकमी ठरवून करून दिलीत तर त्यातल्या रोपांनाही १८ टक्केच लागू शकतात, कारण मुख्य काम सेवा ठरतं.

फवारणी आणि फांदी, या दोन बाबतींत 'होय' म्हणायची घाई करू नका. पैसे घेऊन कीटकनाशक फवारायला १९६८ च्या कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, माझ्या पदविकेवर तो मिळत नाही. हुमणीचं औषध मी परवानावाल्याकडून मारून घेतो. आणि "जाता जाता गुलमोहराची तेवढी फांदी उडवा" असं कोणी म्हटलं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी मागा. १९७५ चा वृक्ष कायदा करवत धरणाऱ्यालाही सोडत नाही.

करारपत्र मी आता स्टॅम्प पेपरवर करतो. पूर्वी १०० चा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा. दोनच पानं. पाणी कोणाचं, बिल किती दिवसांत, काम सोडायचं तर तीस दिवस आधी सांगायचं. आणि बायकोने घातलेलं एक वाक्य: कटिंगच्या आदल्या संध्याकाळी लॉनलगतच्या गाड्या हलवण्याची सूचना सोसायटीने द्यायची.

वाकडची सोसायटी अजून आहे. गेल्या १४ ऑगस्टला आम्ही कडेला हिरवी शेडनेट धरून कटिंग केलं, दोरी लावून. नोटीस लिफ्टमध्ये लागली होती, सगळ्या गाड्या हलल्या होत्या. पांढरी तेवढी तिथेच. वॉचमन इंटरकॉमवर होता, "साहेब, तो गवतवाला आलाय."