कोजागिरीचा सेराडुरा

आश्विन पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायचं, त्याची आश्विनी करायची, हे आमच्याकडे कधी चुकत नाही. थोरली माझी लेक. यंदा तिला नववं सरलं आणि नवरात्र बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं की आश्विनीला वर्गातल्या मैत्रिणी आणि वाड्यावरची मुलं सगळी बोलवायची. मोजली तर अठरा झाली. "आणि आई, नुसतं मसाला दूध नको. पार्टीत असतं तसं काहीतरी हवं."

बेकरीतून केक आणला असता तर प्रश्न दहा मिनिटांत मिटला असता. पण ओवाळणीच्या दिवशी लेकीच्या हातात दुकानातला खोका द्यायला माझं मन होईना. घरात ओव्हन नाही. त्यात पाऊस सरल्यावरचा उकाडा. गोव्यात आमच्या फोंड्याला समुद्राचा वारा फारसा पोचतच नाही, दुपारी स्वयंपाकघरात उभं राहिलं की पाठ भिजते. अठरा जणांसाठी आटवत, ढवळत बसायचं माझ्याच्याने झालं नसतं. आणि मला मुलांना सोबत घेऊन करायचं होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना गॅसपाशी उभं करता येत नाही.

तेव्हा शेजारच्या आंटीचा सेराडुरा आठवला. दर नाताळला तिच्याकडून येणाऱ्या ताटात नेवऱ्या, दोदोल असतात, आणि एका काचेच्या वाटीत हा. सेराडुरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकडाचा भुसा, करवतीखाली पडतो तो. मारी बिस्किटाचा चुरा आणि गोड घुसळलेलं क्रीम, थरावर थर. अंडं नाही, शिजवणं नाही, भाजणं नाही. पोर्तुगालमधून तो गोव्यात आला तसा मकाऊलाही गेला, तिथे तर तो फारच लोकप्रिय आहे. आंटीकडे गेले तर तिने मापं वगैरे काही सांगितली नाहीत. एवढंच म्हणाली, "बाय, क्रीम थंड आसूंक जाय." म्हणजे, क्रीम थंड असायला हवं. त्या वाक्याची किंमत मला आठवड्याने कळली.

सीताफळ घालायचं डोक्यात आलं ते बाजारात. म्हापशाला शुक्रवारी गेले होते, घाटावरून आलेली सीताफळं ढिगाने मांडलेली. शरदातलं फळ म्हटलं की मला तेच आठवतं. शिवाय सीताफळाचा गर उकळला की कडवट होतो. म्हणून तर बासुंदी पूर्ण गार झाल्यावर गर घालतात. ज्या फळाला आच सोसत नाही ते बिनआचेच्या गोडात घालायचं, हे मला इतकं पटलं की मी तिथेच सहा मोठी, डोळे उघडलेली, अजून जराशी कडक फळं घेतली. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली की पिकतात. पहिल्या प्रयोगाला ती पुरली, खऱ्या दिवसासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा आणावी लागली.

पहिला प्रयोग नवरात्रातच केला आणि तो फसला. किराणा दुकानात मिळतं ते पाकिटातलं साधं फ्रेश क्रीम आणलं होतं. वीस मिनिटं बीटर फिरवला, क्रीम जसंच्या तसं पातळ. मग पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली: स्निग्धांश 25 टक्के. क्रीम फुगतं ते त्यातल्या चरबीच्या कणांमुळे. घुसळताना हवेचे बुडबुडे आत जातात आणि हे कण एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती भिंत उभी करतात. कण कमी असले तर भिंत उभीच राहत नाही. 30 टक्क्यांच्या वर हवेत, 35 असले तर उत्तम. तसं क्रीम व्हिपिंग क्रीम म्हणूनच मागावं लागतं आणि केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. तिथे दोन प्रकार असतात. एक दुधाचं. दुसरं वनस्पती तेलाचं, आधीच गोड केलेलं, फ्रीजरमधून काढून देतात ते. तेलाचं उन्हाळ्यातही ताठ उभं राहतं, पण जिभेवर त्याचा मेणासारखा थर बसतो आणि सीताफळाचा वास त्याखाली मरतो. मी दुधाचं घेतलं. ते नाजूक असतं, सांभाळावं लागतं, पण मुलांना द्यायचं तर तेच, हे माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रयोग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. या खेपेस क्रीम फुगलं. आणखी थोडं, आणखी थोडं करत मी बीटर फिरवत राहिले आणि बघता बघता ते रवाळ झालं, कडेला पाणी सुटलं. लोणी व्हायला लागलं होतं. त्याचं मी लोणीच काढलं आणि उरलेलं अर्धं क्रीम नव्याने घुसळून चार वाट्या भरल्या. रात्री पहिला घास घेतला तर बांगड्याचा वास! नऊ दिवस शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण झाल्यावर त्या सकाळी घरात बांगडे आले होते, मसाला लावून खालच्या कप्प्यात ठेवले होते, आणि माझ्या वाट्या उघड्या. दुधातुपाचे पदार्थ आजूबाजूचा वास ओढून घेतात हे आपल्याला माहीत असतं, पण घाईत सुचत नाही. गोव्यातल्या फ्रीजमध्ये क्रीमचं काहीही ठेवायचं असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मधल्या दिवसांत मुलांच्या आयांना फोन करून एकच गोष्ट विचारली: कुणाला काही चालत नाही का? एका मुलाला दूध अजिबात चालत नाही असं कळलं. मारी बिस्किटातही दुधाची पावडर असते, म्हणजे त्याच्यासाठी सगळंच वेगळं हवं. नारळाचा पहिला जाड रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, सकाळी वर घट्ट साय धरली होती. ती चमच्याने काढून त्यात गूळ किसून घातला, सीताफळाचा गर घातला आणि बिस्किटाच्या जागी पातळ पोहे कोरडेच भाजून कुटून घातले. साऱ्या खटाटोपात गॅस पेटला तो तेवढी पाच मिनिटं. त्याची वाटी सगळ्यांच्या आधी, वेगळ्या चमच्याने भरली, झाकली आणि वर त्याचं नाव चिकटवलं. काजू मी कशातच घातले नाहीत. वाड्यावरची धाकटी भावंडं येणार होती, त्यात तिघं चार वर्षांच्या आतली. अख्खा काजू त्या वयाच्या घशात अडकू शकतो.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी सासूबाई सीताफळं घेऊन ओट्यापाशी बसल्या. मी मिक्सर काढायला लागले तर त्यांनी हात धरला. बी फुटली की गर कडू होतो, आणि सीताफळाची बी विषारी असते. पूर्वी ती कुटून केसांतल्या उवांसाठी लावत, आणि डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येई. त्यांनी पुरणाच्या चाळणीवर गर घेतला आणि वाटीच्या पाठीने हलक्या हाताने गोल फिरवत राहिल्या. खाली पांढरा, थोडा रवाळ गर उतरत होता आणि वर काळ्या, चकचकीत बिया उरत होत्या. सहा फळांचा दोन वाट्या गर निघाला. तो काळा पडू नये म्हणून अर्ध्या लिंबाचा रस घातला आणि गर लगेच फ्रीजमध्ये. बिया त्यांनी मोजल्यासारख्या गोळा करून कागदात बांधल्या आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवल्या.

अकरा वाजता लेकीच्या चार मैत्रिणी आल्या. 250 ग्रॅम मारी बिस्किटं दोन जाड पिशव्यांत भरून, तोंडं बांधून त्यांच्या हाती लाटणी दिली. लाटण्याखाली आधी कडकड, मग चरचर, आणि शेवटी नुसती सळसळ. आवाज बदलला की थांबायचं, असं त्यांना सांगितलं होतं, आणि त्या पिशवीला कान लावून ऐकत होत्या. मिक्सरमध्ये बिस्किटाचं पीठ होतं आणि क्रीमखाली त्याचा लगदा बसतो. भुसा हवा, पीठ नको. एकीने फुटायचं राहिलेलं बिस्किट वाचून विचारलं, हे नाव कुणाचं? मग कुटता कुटता गोष्ट झाली. 1874 साली रशियाच्या झारची मुलगी मारिया हिचं इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या मुलाशी लग्न झालं, तेव्हा लंडनच्या एका बिस्किटवाल्याने तिच्या नावाने ही बिस्किटं काढली. राजकन्येच्या नावावर आपण लाटणं फिरवतोय म्हटल्यावर लाटणी जरा हळू चालायला लागली.

क्रीम मी स्वतः घुसळलं. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवली. खाली परातीत बर्फ, त्यात पातेलं, त्यात अर्धा लिटर थंडगार क्रीम. पंखा बंद, कारण स्वयंपाकघरातली गरम हवा तो तिथल्या तिथेच फिरवतो. मध्यम वेगावर चारेक मिनिटांत बीटरच्या मागे रेघा उमटायला लागल्या. तिथून एक क्षणही नजर हलवली नाही. बीटर उचलल्यावर क्रीमचं टोक उभं राहून जरासं वाकलं की थांबायचं. त्यात कंडेन्स्ड मिल्क, अर्धा डबा, म्हणजे 200 ग्रॅम, बारीक धारेने. साखर वेगळी नाही, सीताफळ गोडच असतं. शेवटी गर, आणि तो बीटरने नाही, उलथन्याने खालून वर घेत, क्रीममधली हवा दाबली जाणार नाही असा.

भरायला पारदर्शक प्लास्टिकचे छोटे पेले घेतले, थर दिसायला हवेत म्हणून. तळाला दोन चमचे भुसा, औषधाच्या बाटलीच्या बुचाने किंचित दाबलेला. त्यावर क्रीम. चमच्याने भरलं की पेल्याच्या कडा बरबटतात, म्हणून दुधाची पिशवी धुऊन, पुसून, तिचा कोपरा कापला आणि क्रीम त्यातून सोडलं. पुन्हा भुसा, पुन्हा क्रीम. वरचं क्रीम सपाट केलं आणि ताटावर ताट झाकून पेले फ्रीजरमध्ये.

दुपारी पावणेचारला लाईट गेली.

आत अठरा पेले, बाहेर 32-33 अंश. लेकीचे डोळे भरून आले. नवरा म्हणाला बर्फ आणतो. शेजारून कुणीतरी मासळीची थर्माकोलची पेटी देऊ केली, पण बांगडे आठवून मी हात जोडले. एकच केलं: फ्रीजला कुणाला हात लावू दिला नाही. बंद फ्रीजर काही तास थंडी धरून ठेवतो. दार उघडून बघितलं की ती बाहेर पडते. धाकटा दारासमोर पाट टाकून राखण करत बसला. लाईट सव्वापाचला आली. उघडून पाहिलं, पेले होते तसे, उलट वरचा थर छान घट्ट बसला होता.

आणि तो घट्ट बसणं मला हवंच होतं. बटर पेपरच्या रुपयाएवढ्या गोल चकत्या लेकीने आदल्या दिवशी कापून ठेवल्या होत्या. प्रत्येक पेल्यात गार क्रीमवर मधोमध एक चकती ठेवायची, सगळीकडून चहाच्या गाळणीने बिस्किटाचा बारीक भुसा भुरभुरायचा, आणि मग चकती टोकाला धरून अलगद उचलायची. तपकिरी भुशात पांढरा गोल उरतो. पहिली चकती उचलली तेव्हा त्या चौघी एकदम ओरडल्या, "चंद्र!" ही भुरभुर मात्र अगदी शेवटी, वाढायच्या अर्धा तास आधीच करायची. फार आधी केली तर भुसा ओला होतो आणि चंद्राची कड पुसते. दुधाविना केलेल्या वाटीवरही पोह्यांच्या भुशात तसाच चंद्र केला, म्हणजे त्या मुलाला आपलं वेगळं वाटू नये.

रात्री अंगणात सतरंजी घातली. माडांच्या मागून चंद्र वर यायला आठ वाजले. सासूबाईंनी लेकीला पाटावर बसवून कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजनाने ओवाळलं, आणि तिने पहिला चमचा आजीच्या तोंडात घातला. आजीने तो तोंडात बराच वेळ धरला. "सीताफळ आहे तसं लागतंय," म्हणाल्या. मसाला दूधही केलं होतं, ते मोठ्यांनी घेतलं. मुलं आधी पेला चंद्रासमोर धरून दोन्ही गोल शेजारी शेजारी बघत होती, मगच चमचा आत.

एक पेला मी झाकून आंटीकडे नेला. तिने दारातच उभ्याने खाल्ला, चमचा चाटला, आणि विचारलं, "क्रीम थंड आशिल्लें मू?" मग आत गेली आणि रिकाम्या पेल्यात झाडावरची चार कागदी लिंबं घालून पेला माझ्या हातात दिला.