लेझरच्या वलयांवरून कणांचे माप: ज्वारीचे पराग आणि काळी माती

रब्बी ज्वारी निसवून फुलोऱ्यावर आल्यामुळे या हंगामात मला हवे तसे कण परभणीजवळच्या शेतातच मिळाले. ज्वारीचे ताजे परागकण जवळजवळ गोल आणि बऱ्यापैकी एकसारख्या आकारमानाचे असतात. मात्र ते लवकर सुकून चेपतात, म्हणून काचपट्टीवर कणीस हलकेच झटकल्यावर मापन लगेच उरकावे लागते.

पट्टीवरील थर विरळ हवा. त्यातून 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर सोडला, की कण कितीही अस्ताव्यस्त विखुरलेले असले तरी प्रत्येकाच्या विवर्तनाची (कडेवरून प्रकाश वळून पसरण्याची) वलये पडद्यावर एकाच केंद्राभोवती पडतात आणि परस्परांना उजळ करतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग यांनी लोकरीचे तंतू व रक्तपेशी मोजण्यासाठी हेच तत्त्व वापरले होते, आणि इतक्या साध्या साधनांत ते आजही तितकेच चोख काम देते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पडदा 1 मीटरवर असताना पहिल्या काळ्या वलयाची त्रिज्या 2 सेंटिमीटर भरली; 1.22 हा स्थिरांक, तरंगलांबी आणि पडद्याचे अंतर यांच्या गुणाकाराला त्रिज्येने भागले असता व्यास सुमारे 40 मायक्रोमीटर येतो. पडताळा म्हणून 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर लावला, तेव्हा वलय अपेक्षेप्रमाणे 1.6 सेंटिमीटरवर आले. (किरण डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही, याची काळजी प्रत्येकाने घ्यावी.)

काळ्या मातीचे पाणी लावल्यावर मात्र काळे वलय दिसतच नाही. तिच्यात लहानमोठे कण मिसळलेले असल्याने एका आकारमानाच्या कणांनी सोडलेली काळी जागा दुसऱ्यांचा प्रकाश भरून काढतो. म्हणजे वलयाचा ठळकपणा हेसुद्धा एक मापच आहे, आणि मला ते सरासरी व्यासाइतकेच मोलाचे वाटते. शिवाय 2 मायक्रोमीटरपेक्षा बारीक चिकणकण पत्र्यांसारखे चपटे असतात व प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळ जातात, त्यामुळे त्यांना वरील सोपे सूत्र लागू पडत नाही. गोल कणांपुरता का होईना, तेथे भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी (Mie) यांच्या 1908 मधील प्रकाश-विखुरण्याच्या सिद्धान्ताचा आधार घ्यावा लागतो.

म्हणून आता माती आधी निवळून वेगळी करणार आहे. द्रवात बारीक कण किती वेगाने खाली बसतो हे सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमानुसार 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 20 मायक्रोमीटरचा मातीचा कण 10 सेंटिमीटर खाली बसायला पाच मिनिटांहून थोडा कमी वेळ घेतो, तर 2 मायक्रोमीटरच्या कणाला सुमारे आठ तास लागतात. दर पाच मिनिटांनी वरचे गढूळ पाणी काढून गाळ पुन्हा ढवळायचा आणि उरलेल्या जाड कणांच्या थरात निदान पुसट वलय उमटते का, हे प्रथम तपासायचे आहे.