चोवीस तास भरायचे होते

सोमवारी सकाळी आठला मी ड्युटीवर चढले, तेव्हा फाटकाजवळच्या लिंबाखाली एक माणूस बसला होता. चाळिशीतला, पायात धुळीनं भरलेल्या चपला, गुडघ्यांवर घट्ट धरलेली प्लॅस्टिकची पिशवी. सकाळच्या वेळी आमच्याकडं अशी माणसं बसलेलीच असतात. कुणी जामिनावरचा हजेरी लावायला आलेला, कुणी पासपोर्टच्या पडताळणीसाठी. मी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि आत गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसातलं हेच मला जास्त बोचतं.

आमचं ठाणं मिरज तालुक्यातलं. मी हवालदार, त्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर होते. आदल्या रात्री एका पोलिसी मालिकेचा भाग झाला होता आणि सकाळपासून व्हरांड्यात तोच विषय चालू होता. मालिकेचं नाव घेत नाही. कॉलेजला गेलेली मुलगी घरी येत नाही आणि तिसऱ्या दिवशी तिचा शोध लागतो, अशी गोष्ट होती.

रात्रपाळी उतरणारा आमचा शिपाई म्हणत होता, घराची झडती घेतली, पण पंच कुठं होते? पंचाशिवाय सापडलेली वस्तू कोर्टात टिकवायची कशी? कारकुनाचा राग वेगळा. सकाळी डोक्याचा केस तपासायला पाठवला आणि संध्याकाळी डीएनएचा अहवाल हजर! आमचे नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत माणसाच्या हाती पाठवावे लागतात, त्यात एक शिपाई दिवसभर गुंततो, आणि अहवालासाठी किती वाट बघावी लागते ते ज्याची केस असते त्यालाच ठाऊक. हजेरीला आलेल्या एका पोराला शेवटचा पाठलाग आवडला होता. चहावाल्या मावशी कपबशा गोळा करता करता म्हणाल्या, "मला तर ती इन्स्पेक्टरीण आवडली बाई. त्या पोरीच्या आईशेजारी खाली फरशीवर बसली की. असं कोण बसतंय?"

त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. लोक पोलिसांच्या मालिका का बघतात याचं माझ्या मते तेच खरं उत्तर आहे. 'सीआयडी' १९९८ साली सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गल्लीत दोनच घरांत टीव्ही. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न, त्याचं बोटं फिरवत विचार करणं, दयाचं दार तोडणं, हे सगळं आम्ही शेजारच्यांच्या सोप्यात दाटीवाटीनं बसून बघितलंय. ती मालिका २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं चालली. पुढं ती पुन्हा सुरू झाल्यावर २०२५ च्या एप्रिलमध्ये एसीपी मेल्याचं दाखवलं, तर लोक किती चिडले! आमच्या पोलीस वसाहतीतल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा हळहळल्या. कुणीतरी आपलं म्हणणं ऐकून घेतंय, आपल्यासाठी धावतंय, एवढं माणसाला बघायला मिळालं की तो जीव लावतो. मी वर्दी घातली त्यात त्या सोप्यातल्या संध्याकाळींचा वाटा आहे, हे मला मान्य आहे.

पावणेनऊ वाजले आणि लिंबाखालचा माणूस उठून टेबलासमोर आला.

"मॅडम, आमचे अण्णा हरवल्यात. वडील."

"कधीपासून?"

"काल सकाळी पावणेनऊला घरातनं गेले."

मी घड्याळाकडं बघितलं. "आणि तुम्ही इथं कधीचे बसलाय?"

"सात वाजल्यापासनं."

"मग आत का नाही आलात?"

"चोवीस तास भरायचे होते," तो म्हणाला. सांगताना आवाजात तक्रार नव्हती. रांगेत नंबर लावून आल्यासारखा तो शांत होता. आदल्या दिवशी त्यांनी शेत, विहिरी, पाहुण्यांची घरं पालथी घातली होती. रात्री नऊच्या सुमाराला मोटरसायकल काढून ठाण्यात यायला निघाला, तर शेजाऱ्यांनी अडवलं, की चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार लिहून घेत नाहीत, उगाच हेलपाटा पडेल. याला खरं वाटेना. आणि तेवढ्यात शेजारच्या टीव्हीवर तोच प्रसंग आला. मुलीचा बाप हात जोडून उभा आणि टेबलामागचा पोलीस म्हणतोय, अजून चोवीस तास झाले नाहीत, उद्या या. यानं मोटरसायकल परत आत लावली.

वडील ७९ वर्षांचे, दोन वर्षांपासून विसरायला लागलेले. जेवलेलं विसरतात, घरातल्यांची नावं चुकतात. एप्रिलचा महिना, बाहेर ऊन चाळिशीला टेकलेलं. अशा माणसाला एक रात्र उलटून गेली होती, त्यावर आमच्या फाटकाबाहेरचे पावणेदोन तास. त्यातला पाऊण तास मी आत होते.

कायद्यात असं काहीही नाही. हरवलेल्या माणसाची नोंद करायला एक तास थांबायचंही बंधन नाही. मूल १८ च्या आतलं असेल, तर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं 'बचपन बचाओ आंदोलन'च्या खटल्यात सांगितल्याप्रमाणं सरळ अपहरणाचा गुन्हा दाखल करून तपास करायचा असतो. मोठं माणूस असेल तर मिसिंग रजिस्टरला नोंद घेऊन लगेच शोध सुरू करायचा. घटना दुसऱ्या हद्दीतली असली म्हणून गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही, झिरो नंबरनं, म्हणजे हद्द न बघता, ती दाखल होते. चोवीस तास आहेत ते वेगळ्या ठिकाणी. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभं करायचं, हे राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे. ती मुदत पोलिसांना घातलेली आहे. ती लोकांच्या गळ्यात कधी आणि कशी पडली कोण जाणे.

त्यानं पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि लग्नाच्या अल्बममधून सोडवून आणलेला एक फोटो. फोटोत अण्णा नवऱ्या मुलाशेजारी उभे, डोक्याला कडक इस्त्रीची टोपी, गळ्यात तुळशीची माळ. मागच्या बाजूला अल्बमचा काळा कागद चिकटून आला होता. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला, वर्णन लिहून घेतलं, वायरलेसवर संदेश दिला, आजूबाजूच्या गावांच्या पोलीस पाटलांच्या ग्रुपवर टाकला. साहेब येताच त्यांनी दोन माणसं शोधाला पाठवली.

पडद्यावर अशा वेळी कुणीतरी संगणकापुढं बसतं आणि मोबाईलचं लोकेशन मिनिटात सांगतं. अण्णांकडं मोबाईल नव्हता. मी त्याला विचारलं, गेल्या चार दिवसांत अण्णा काय बोलत होते? तो गोंधळला. दिवसभर तो शेतावर असतो. मग त्याच्या बायकोला फोन लावला.

वहिनींना रडू आवरत नव्हतं, पण बोलल्या ते नेमकं बोलल्या. "परवापासनं सारखं विचारत होते, बेदाणा उचलला का? जाळ्या झाडल्या का? मी म्हटलं, अण्णा, आपली बाग काढून बारा वर्सं झाली. तर म्हणाले, तुला काय कळतंय, पाऊस यायच्या आत उचलाय पाहिजे."

"बेदाणा कुठं करायचे?"

"कवठेमहांकाळच्या बाजूला. शेड भाड्यानं घ्यायचे. मिरजेतनं रेल्वेनं जायचे."

नवऱ्याला हे माहीत होतं, पण सुचलं नव्हतं. घरात वडिलांजवळ दिवसभर असणारी तीच होती, आणि रविवारी तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मिरजेच्या लोहमार्ग पोलिसांना फोटो पाठवला. तासाभरात फोन आला. रविवारी सकाळी फलाटावरच्या कॅमेऱ्यात टोपी आणि माळेचा म्हातारा दिसतोय, पंढरपूरच्या बाजूच्या गाडीत चढला. गावातून वडापच्या जीपनं मिरज, तिथून रेल्वे. आरग, सलगरे, मग कवठेमहांकाळ. रोजची सवय पायांना असावी, डोक्यातून सगळं पुसलं तरी. तिकडच्या ठाण्याला कळवलं. त्यांनी शेडवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला आणि शोधाला खरा वेग त्यानं आला. तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात अशा शेडची गणती नाही. द्राक्षं पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायची, वरून हिरवं शेडनेट, पंधरा-वीस दिवस वाळवायची, चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा उतरतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत बरेच शेड रिकामे होतात, राखणदारही निघून जातात.

दुपारी अडीचला अण्णा सापडले. हंगाम उरकलेल्या एका शेडमध्ये, जाळ्यांच्या खालच्या कप्प्याला टेकून बसलेले. ओठ फाटलेले, तळपायाला फोड आलेले. मी मुलाला घेऊन सरकारी गाडीनं पोचले, तेव्हा तिथल्या हवालदारानं त्यांना चमच्यानं पाणी पाजायला सुरुवात केली होती. अण्णांनी टोपी काढून उलटी करून मांडीवर ठेवली होती आणि तीत जाळीखाली सांडलेला बेदाणा गोळा केला होता. सुकून काळपट पडलेला, मातीतला. एकेका मण्याची काडी अंगठ्याच्या नखानं तोडून ते बाजूला टाकत होते. काड्यांचा छोटासा ढीग झाला होता. मुलानं हाक मारली, तर वर बघून म्हणाले, "उशीर केलास रे. दोन बाया तरी आणायच्या."

त्यांना मिरजेच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. जीव वाचला, मात्र अंगातलं पाणी आटून किडनीवर ताण आला होता. अकरा दिवस मुक्काम पडला. घरी गेले ते धरून चालवावे लागतील असे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रविवारी रात्री पाणी पोटात गेलं असतं तर इतकं झालं नसतं.

त्या रात्री घरी सासूबाईंनी त्याच भागाचं पुनःप्रक्षेपण लावलं होतं. मी समोर बसून राहिले. तो प्रसंग अर्ध्या मिनिटाचा होता. टेबलामागचा पोलीस वर न बघता ते वाक्य बोलतो, बाप मागं फिरतो, आणि गोष्ट पुढं जाते. झडती, पंच, डीएनए, पाठलाग, सगळ्यावर आमच्या व्हरांड्यात मतं पडली होती. या अर्ध्या मिनिटावर एकानंही काही म्हटलं नव्हतं. आम्ही रोज तक्रारी लिहून घेणारी माणसं, आम्हालाही ते खटकलं नाही.

का खटकलं नाही, याचा मी बराच विचार केला. मालिका लिहिणाऱ्यानं ते वाक्य हवेतून आणलेलं नाही. ते टेबलामागूनच कधीतरी कुणाच्या तोंडून निघालंय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका ठाण्यात असताना, एका बाईला मी स्वतः म्हणाले होते, "रुसून गेला असेल, रात्रभर वाट बघा, सकाळी या." तिचा नवरा सकाळी आला, म्हणून मला काही वाटलं नाही. ज्यांच्या घरचं माणूस सकाळी आलं नाही, त्यांना मी काय तोंड दाखवलं असतं? पडद्यावर ते वाक्य चुकीचं ठरवणारा एखादा वरिष्ठ दाखवला असता, त्यानं तिथंच पेन पुढं करून तक्रार लिहायला लावली असती, तर रविवारी रात्री ती मोटरसायकल निघाली असती, असं मला मनापासून वाटतं. लिहिणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. आणि आमच्या खात्यातल्या माणसांनी त्यांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन मोठ्या अक्षरात कागद लिहिला. माणूस हरवलं असेल तर लगेच आत या, थांबू नका, रात्री ११२ ला फोन करा. एक प्रत दारावर लावली, दुसरी त्या लिंबाच्या बुंध्याला. आता आठला येताना त्या झाडाखाली कुणी बसलेलं दिसलं, तर आधी जवळ जाऊन विचारते.

पाचव्या दिवशी दवाखान्यात जाऊन आले. अण्णा झोपले होते, हाताला सलाईन. मुलगा कॉटखालची पाण्याची बाटली काढत होता. मला बघून उभा राहिला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग त्यानं विचारलं, "मॅडम, सोमवारी मी सातलाच आत आलो असतो, तर घेतली असती का तक्रार?"

"घेतली असती."

"आणि रविवारी रात्री?"

"रात्रीसुद्धा."

त्यानं मान हलवली. बाटलीचं झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं, आणि पाणी भरायला गेला.